दीड मिनिटाचं पाणी

ठिबकनं निम्मं पाणी वाचतं, हे मेळाव्यांमधून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. ते मोजतं कोण, हे बघायला शिरूर तालुक्यात न्हावऱ्याकडे एका दोन एकरांच्या उसात गेलो.

ड्रिपर ताशी 4 लिटरचा, म्हणजे दीड मिनिटात 100 मिली पाणी पडायला हवं. चार नळ्या, प्रत्येकीवर चार ठिकाणं. कृषी पदविका झालेला पोरगा मोबाइलवर वेळ लावून आकडे लिहीत होता. पाचट सारून, माती उकरून, ड्रिपरखाली भांडं धरायचं काम मालकीणबाईंकडे. उसाच्या पात्यांनी त्यांचे हात कोपरापर्यंत ओरखडले होते.

"काकू, धरा... हां, काढा."

पहिल्या नळीला 98, 96. टोकाकडे 71. शेवटच्या ड्रिपरला 58.

"टोकाचा ऊस बारीक हाय, ते मी बसल्या जागी सांगितलं असतं की," काकू म्हणाल्या. कारणही त्यांना ठाऊक होतं. बोअरचं पाणी क्षारांचं, त्याचा पांढरा थर नळीत बसलेला. तो काढायला ॲसिड सोडायचं तर दिवसा मोटार चालायला हवी आणि या आठवड्यात लाइट रात्रीची.

पाणी सगळीकडे किती सारखं पडतं हे बघायला सगळ्यांत कमी चार आकड्यांच्या सरासरीला एकूण सरासरीनं भागलं, 75 टक्के आले. 90 च्या वर असते तर उत्तम म्हटलं असतं. पण एकूण पाणी किती उपसलं? मोटारीला मीटर नाही. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत, त्यामुळे बिलावरूनही काही कळायचं नाही. मोटार किती तास चालते विचारलं, तर काका म्हणाले, "लाइट असती तवर."

दौंडला वरवंडच्या बाजूला, खडकवासल्याच्या कालव्यावर, एकानं वाचलेल्या पाण्याचा हिशेब सरळच दिला: "वाचलं की! त्याच्यावर आणखी एकरभर ऊस केला." एकरी पाणी घटलं, आवर्तनाची मागणी तेवढीच राहिली. त्याला दोष कसा द्यावा? कारखाना पैसे देतो ते उसाच्या टनावर. म्हणून मला ती मेळाव्यातली टक्केवारी पटत नाही, काकूंचं 58 पटतं. त्यावर निदान काही करता येतं.

न्हावऱ्याकडे पुढल्या आठवड्यात लाइट दिवसाची आहे. ॲसिड सोडून तीच सोळा ठिकाणं पुन्हा मोजायची ठरलीयत. काकूंची अट एकच, या खेपेला भांडं पोरानं धरायचं.