गवळाऊ गाईचा उपजत स्वभाव आणि गोठ्याची रीत

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांत नंदगवळी समाजाने पिढ्यानपिढ्या जोपासलेली गवळाऊ ही पांढऱ्या-करड्या रंगाची, हलक्या बांध्याची आणि चपळ जात झुडपी रानात कळपाने चरत घडली; त्यामुळे चालणे, सोबतीच्या गाईला चाटणे आणि निवांत बसून रवंथ करणे या तिच्या उपजत, म्हणजे शिकवण्यावाचून प्रकटणाऱ्या, प्रवृत्ती आहेत. कुरणे आटल्यावर हीच गाय दिवसभर आखूड दाव्याला बांधली जाते, आणि पुरेसा चारा मिळूनही तिची कुचंबणा होते.

उपजत प्रवृत्तींचा दुधाशी असलेला संबंध पान्ह्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. वासराने सडाला तोंड लावले की गाईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून वाहणारा रासायनिक संदेश, सुटते, आणि त्याने दुग्धपेशींभोवतीचे सूक्ष्म स्नायू आकसून कासेत साठलेले दूध सडांकडे उतरते. ईली आणि पीटरसन या संशोधकांनी 1941 मध्ये दाखवून दिले, की घाबरवलेल्या गाईचा पान्हा अडतो आणि भीतीच्या वेळी स्रवणारे अ‍ॅड्रेनालिन टोचले तरी तोच परिणाम होतो. पान्हा चोरणाऱ्या गाईला दटावणे हे म्हणूनच क्रूर तर आहेच, शिवाय निष्फळही आहे. ठरलेली वेळ, ओळखीचा हात आणि समोर वासरू, एवढ्याने पुष्कळ साधते.

गाय घाबरू नये म्हणून तिच्या नजरेचाही विचार करावा लागतो. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने तिला जवळजवळ सभोवार दिसते, मात्र अगदी पाठीमागचे दिसत नाही. तिकडून अचानक हात लागताच ती लाथ झाडते, यास्तव बाजूने, आवाज देत जवळ जावे.

विण्याची वेळ आली की मोकळी गाय कळपापासून दूर, आडोशाला जाते आणि नवजात वासराला झुडपात दडवून ठेवते. गोठ्यात बांधलेल्या गाईचीही ही ओढ सुटत नसल्याने ती विण्यापूर्वी अस्वस्थ होऊन दावे ताणते. तेव्हा एका कोपऱ्याला पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड घालून, खाली कोरडा पेंढा पसरून, तिला तेथे मोकळी सोडणे कोणत्याही शेतकऱ्याला परवडणारे आहे.