पायथॉनमधील संवादी आलेखनाची गती

संवादी आलेखन म्हणजे वापरकर्त्याने आलेख मोठा केला, सरकवला किंवा त्यातील नोंदी बदलल्या असता चित्र तत्काळ बदलणारे आलेखन होय. नोंदींची संख्या वाढली की पायथॉनमध्ये हा प्रतिसाद मंदावतो. तो सुधारण्यासाठी पुनर्रेखनाचे काम कमी करणे आणि काढावयाचे बिंदू कमी करणे, असे दोन प्रमुख मार्ग वापरले जातात.

मंदपणाचे कारण

पायथॉनमधील सूचना इंटरप्रिटरमार्फत चालतात. प्रत्येक बिंदूसाठी स्वतंत्र सूचना दिल्यास बराच वेळ खर्च होतो. म्हणून सर्व बिंदू नमपाय या संचाच्या सारणीत एकत्र ठेवून एकाच सूचनेने आलेखन संचाकडे सोपवले जातात.

पुनर्रेखनात बचत

जॉन हंटर यांनी विकसित केलेल्या मॅटप्लॉटलिब (२००३) या संचात नवा आलेख न काढता जुन्याच रेषेतील मूल्ये बदलता येतात. 'ब्लिटिंग' पद्धतीत अक्ष, अंक व पार्श्वभूमी यांची प्रतिमा स्मृतीत ठेवून केवळ बदलणारी रेषा पुन्हा काढली जाते. मात्र आलेख मोठा केल्यास अक्षही बदलतात व पार्श्वभूमी नव्याने काढावी लागते.

त्रिमितीय आलेखनासाठीच्या 'मायावी' या मुक्त संचाचे जनक प्रभू रामचंद्रन हे आयआयटी मुंबई, पवई येथील प्राध्यापक आहेत. हा संच सी++ भाषेतील व्हीटीके या संचावर आधारलेला असून त्यातही दृश्य नव्याने न उभारता मूळ मूल्ये बदलण्याची सोय आहे.

बिंदूंची निवड

दर मिनिटाच्या नोंदी वर्षभरात ५,२५,६०० होतात. १,९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर प्रत्येक स्तंभात सुमारे २७४ नोंदी येतात. त्यामुळे प्रत्येक स्तंभातील केवळ किमान व कमाल मूल्य ठेवले, तरी ३,८४० बिंदूंत आलेखाची बाह्यरेषा टिकून राहते.

ठरावीक अंतराने नोंदी निवडण्याची पद्धत सोपी असली, तरी दिशाभूल करू शकते. मुंबई व कल्याण–डोंबिवली परिसराला पुराचा तडाखा बसला, तेव्हा २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदवला गेला. दैनिक पावसाच्या आलेखात दर दहावा दिवसच घेतल्यास ही नोंद गळण्याची शक्यता दहात नऊ इतकी असते. दहा दिवसांची सरासरी घेतल्यास शिखर बुटके होते. कमाल मूल्य राखल्यास ते कायम राहते.

म्हणून बिंदूंची निवड केवळ चित्रापुरती ठेवतात. गणना मूळ नोंदींवरच केली जाते, आणि आलेख मोठा केल्यावर दृश्य भागातील बिंदू मूळ नोंदींतून पुन्हा निवडले जातात.