मापाचा रंग, सोबतीचा गुण

रविवारच्या पाठशाळेत सूत्रपठण संपून खेळाची वेळ झाली की एक दृश्य हमखास दिसते. मुलांचे दोन-तीन घोळके जमतात, आरडाओरडा सुरू होतो आणि एखादे मूल मात्र खांबाला टेकून सर्वांकडे पाहत उभे राहते. त्याला न्यायला आलेले आई-वडील ते पाहतात आणि काहीशा संकोचाने म्हणतात, 'तो मुळातच एकलकोंडा आहे.'

या वाक्यातील 'मुळातच' हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. स्वभाव हा सोन्याच्या कसासारखा आरंभीच ठरलेला असतो, परिस्थितीने तो फार तर झाकला जातो, बदलत मात्र नाही, असा समज त्यामागे असतो. गेल्या शतकात विज्ञानाच्या दोन अगदी भिन्न शाखांनी या प्रकारच्या समजाला धक्का दिला. एक शाखा अर्धवाहक पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांचा अभ्यास करणारी, तर दुसरी मुलांच्या मैत्रीचा. या दोहोंचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर खांबाशी उभ्या असलेल्या त्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी थोडी निवळते.

काचेत दडलेले रंग

हळदीची चिमूट असो वा पोते, रंग पिवळाच. पदार्थाचा गुण त्याच्या घटकांवर ठरतो, आकारावर नव्हे, असा आपला रोजचा अनुभव आहे. कण अतिशय लहान झाल्यास हा नियम मोडेल, असे भाकीत हर्बर्ट फ्रोलिश या भौतिकशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये केले होते. परंतु इतके लहान कण घडवायचे कसे आणि मोजायचे कसे, हे त्या काळी कोणाच्याच हाती नव्हते.

उत्तर अखेर रंगीत काचेत सापडले. तत्कालीन सोव्हिएत संघातील लेनिनग्राड येथे, वाविलोव्ह प्रकाशविज्ञान संस्थेत, अलेक्सेई एकिमोव्ह यांनी काचेत कॉपर क्लोराइड मिसळून ती ५०० ते ७०० अंश सेल्सियस तापमानाला तापवली. काही नमुने १ तास, तर काही ९६ तासांपर्यंत तापवले. काच थंड झाल्यावर तिच्यात कॉपर क्लोराइडचे सूक्ष्म स्फटिक तयार झालेले आढळले. काही केवळ २ नॅनोमीटरचे, तर काही ३० नॅनोमीटरपर्यंतचे. एका मिलिमीटरात १० लाख नॅनोमीटर मावतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या सूक्ष्मतेची कल्पना येते. पदार्थ एकच होता, तरीही काच कोणता प्रकाश शोषून घेते हे कणांच्या आकारानुसार बदलत होते. कण जितका लहान, तितका शोषलेला प्रकाश निळ्या बाजूला सरकलेला. १९८१ मध्ये एकिमोव्ह यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे लुई ब्रूस यांना या संशोधनाची वार्ता नव्हती. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत पूर्वेकडील ज्ञान पश्चिमेकडे सहज पोहोचत नसे. ब्रूस द्रावणातील कॅडमियम सल्फाइडच्या कणांवर प्रयोग करीत होते. काही काळ टेबलावर तसेच राहिलेल्या द्रावणाचे प्रकाशीय गुण बदलल्याचे त्यांना आढळले. कण मोठे झाले असावेत, अशी शंका येऊन त्यांनी सुमारे ४.५ नॅनोमीटरचे ताजे कण आणि सुमारे १२.५ नॅनोमीटरचे वाढलेले कण यांची तुलना केली. मोठे कण नेहमीच्या कॅडमियम सल्फाइडसारखे वागत होते, लहान कणांचे वागणे मात्र निळ्या बाजूला सरकले होते. १९८३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

असे का घडते, हे समजण्यास सतारीच्या तारेचा दाखला उपयोगी पडेल. पडद्यावर बोट दाबून तार आखूड केली की स्वर चढतो. तार तीच, धातू तोच, फक्त कंपनाला मिळालेली जागा कमी झालेली. स्फटिकातील इलेक्ट्रॉनचेही काहीसे असेच असते. त्याला वावरण्यास मिळणारी जागा आक्रसली की त्याची ऊर्जा चढते आणि प्रकाश निळ्याकडे झुकतो. जागा ऐसपैस मिळाली की तो तांबड्याकडे येतो. अशा कणांना 'क्वांटम डॉट' हे नाव मिळाले. फुटबॉलच्या तुलनेत पृथ्वी जेवढी मोठी, जवळजवळ तेवढ्याच पटीने क्वांटम डॉटच्या तुलनेत फुटबॉल मोठा असतो.

एकसारख्या मापाचे कण हवे तेव्हा तयार करणे ही पुढची अडचण होती. ब्रूस यांच्याकडे उमेदवारी केलेले मौंगी बावेंडी यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आपल्या विद्यार्थ्यांसह १९९३ मध्ये ती सोडवली. तापलेल्या द्रावकात आवश्यक द्रव्ये एकदम सोडायची, बीजस्फटिक तयार होताच तापमान उतरू द्यायचे आणि नंतर ते पुन्हा वाढवून स्फटिकांना हव्या त्या मापापर्यंत सावकाश वाढू द्यायचे, अशी ही रीत. आज काही दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांत आणि दिव्यांत क्वांटम डॉट वापरले जातात. कॅडमियम विषारी असल्याने इंडियम फॉस्फाइडसारखे पर्यायही पुढे आले आहेत. एकिमोव्ह, ब्रूस आणि बावेंडी या तिघांना २०२३ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

पुरस्काराच्या वेळी बावेंडी यांनी आपली एक आठवण सांगितली. महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत त्यांना १०० पैकी २० गुण मिळाले होते आणि वर्गात ते सर्वांत खाली होते. शाळेत विशेष कष्टाविना यश मिळाल्याने अभ्यास कसा करावा, हेच त्यांना ठाऊक नव्हते. ती रीत शिकल्यावर चित्र पालटले. त्या दिवशी कोणी त्यांच्या कपाळी 'मुळातच कच्चा' असा शिक्का मारला असता आणि त्यांनी तो मानला असता, तर रसायनशास्त्र एका मोठ्या संशोधकाला मुकले असते.

मैत्रीचे नकाशे

मुलांच्या जगाकडे वळू. १९३० च्या दशकात जेकब मोरेनो या मनोवैद्यकाने न्यूयॉर्क परिसरातील शाळकरी मुलांना एक साधा प्रश्न विचारला : वर्गात तुम्हाला कोणाच्या शेजारी बसायला आवडेल? मिळालेल्या उत्तरांवरून त्यांनी नकाशे काढले. प्रत्येक मूल म्हणजे एक चिन्ह आणि प्रत्येक निवड म्हणजे एक रेघ. काही चिन्हांकडे रेघांची गर्दी होती. काही जोड्या परस्परांना निवडणाऱ्या होत्या आणि काही चिन्हांकडे एकही रेघ येत नव्हती. शिक्षकांच्या रोजच्या नजरेतून निसटणारे एकाकीपण कागदावर प्रथमच स्पष्ट दिसू लागले.

पुढील संशोधकांनी या नकाशातील एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. वर्गात लोकप्रिय असणे आणि जिवलग मित्र असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जेफ्री पार्कर आणि स्टीव्हन अॅशर यांनी १९९३ मध्ये तिसरी ते पाचवीच्या आठशेहून अधिक अमेरिकन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गात फारशा न आवडणाऱ्या अनेक मुलांनाही एक जिवलग मित्र होता, तर सर्वांना हव्याशा वाटणाऱ्या काही मुलांना तसा एकही नव्हता. मित्र आहे की नाही आणि ती मैत्री कशी आहे, यांचा मुलाच्या एकटेपणाच्या भावनेशी स्वतंत्र संबंध आढळला.

एका मित्राचे मोल किती, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्नेस्ट हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले. अंतर्मुख किंवा चिडखोर वागण्यामुळे काही मुले इतरांच्या छळाला सहज बळी पडतात आणि छळामुळे ते वागणे आणखी वाढते. परंतु ज्यांना परस्परांनी मान्य केलेला एक जवळचा मित्र होता, त्यांच्या बाबतीत हे दुष्टचक्र तसे फिरताना आढळले नाही.

येथे क्वांटम डॉटचे पुन्हा स्मरण होते. उघड्या कणाच्या पृष्ठभागावर अपुरे राहिलेले रासायनिक बंध असतात. त्यांत ऊर्जा अडकते आणि कण मंद दिसतो. १९९० च्या दशकात संशोधकांनी कॅडमियम सेलेनाइडच्या कणांभोवती झिंक सल्फाइडचे पातळ कवच चढवले, तेव्हा तेच कण कितीतरी अधिक तेजाने उजळले. कवचाने कणाला नवे तेज दिले नाही, त्याचे वाया जाणारे तेज राखले. जिवलग मित्रही बहुधा एवढेच करतो.

मांडणी बदलली की

मांडणीचा प्रभाव किती खोल असतो, हे मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह येथील उन्हाळी शिबिरात पाहिले. साधारण ११ वर्षांची, सारख्या घरांतली, परस्परांना अनोळखी अशी २२ मुले निवडून त्यांचे दोन गट केले गेले. बक्षिसांच्या चढाओढी सुरू होताच शिवीगाळ, झेंडे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी असे प्रकार घडले. नुसते एकत्र जेवायला बसवून काही साधले नाही. मात्र पाण्याचा पुरवठा बंद पडला, मालमोटार अडली, अशा दोन्ही गटांच्या गरजेच्या अडचणी मुद्दाम उभ्या केल्या गेल्या, तेव्हा मुले खांद्याला खांदा लावून कामाला लागली. परतीच्या वाटेवर एका गटाने बक्षिसातील पाच डॉलर खर्चून सर्वांनाच पेय पाजले. आपण प्रयोगाचा भाग आहोत, हे त्या मुलांना सांगितलेले नव्हते, यावर पुढे रास्त टीका झाली. तरीही मुले तीच, मांडणी निराळी आणि वागणे निराळे, हे निरीक्षण विचार करायला लावणारे आहे.

पालकांच्या दृष्टीने सर्वांत दिलासा देणारा प्रयोग विंडॉल फर्मन, डोनाल्ड राहे आणि विलार्ड हार्टप यांचा आहे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बालवाडीतील २४ अबोल, इतरांत न मिसळणारी मुले होती. एका गटातील प्रत्येक मुलाला वयाने लहान सोबती दिला, दुसऱ्यात समवयस्क सोबती दिला, तर तिसऱ्या गटासाठी काहीच केले नाही. दोघांनीच खेळण्याची १० छोटी सत्रे काही आठवड्यांत पार पडली. त्यानंतर वर्गातील वागणे पाहता, लहान सोबत्याबरोबर खेळलेल्या मुलांमध्ये सर्वाधिक सुधारणा दिसली. समवयस्कांच्या घोळक्यात ज्याला पुढाकार कधी मिळालाच नव्हता, त्याला धाकट्यासमोर तो मिळाला. 'हे असे धर,' 'आता तुझी पाळी,' असे सांगण्याची सवय झाली आणि ती सवय तो वर्गात घेऊन आला. २४ मुलांचा प्रयोग लहानच म्हणावा लागेल, पण त्यात ना उपदेश होता, ना औषध. केवळ सोबत बदलली होती.

मुलाकडे पाहताना

हा दाखला अर्थातच फार ताणू नये. कण निवड करीत नाही, मूल करते. काही मुलांना एकांत खरोखरच प्रिय असतो आणि पुस्तकात रमलेले मूल दुःखी असेलच असे नाही. जन्मजात स्वभाव नाकारण्याचेही कारण नाही, कारण कॅडमियम सल्फाइडचे कॉपर क्लोराइड होत नाही. पण एकाच पदार्थात किती रंग दडलेले असतात, हे त्याला एकाच मापात पाहून कळत नाही. वस्तू अनेकधर्मी असते आणि एका बाजूने दिसलेले तेवढेच सत्य मानू नये, ही अनेकांताची शिकवण जैन घरांना नवी नाही. मुलांच्या बाबतीत मात्र तिचा विसर पडतो.

पाठशाळेत एक सोय आयतीच असते : तेथे सहा वर्षांचे आणि बारा वर्षांचे मूल एकाच छपराखाली बसते. खांबाशी उभ्या राहणाऱ्या मुलाला 'जा, त्यांच्यात खेळ' असे म्हणून घोळक्यात ढकलण्याऐवजी एखाद्या धाकट्याला सूत्र शिकवण्याचे, त्याच्यासोबत अक्षता आणि फळे मांडण्याचे काम देता येईल. पर्युषणातील कार्यक्रमांत केवळ चढाओढी न ठेवता सर्वांनी मिळून पार पाडायचे एखादे काम ठेवता येईल. दहा मित्रांचा आग्रह न धरता एका मित्राला घरी जेवायला बोलावता येईल. जीवांनी एकमेकांस उपकारक व्हावे, हे तत्त्व मुलांच्या हाती असे लहान मापातच द्यावे लागते.

आणि पुढच्या रविवारी कोणी विचारलेच, तर 'तो मुळातच एकलकोंडा आहे' याऐवजी एवढेच म्हणावे : 'त्याला अजून त्याचा सोबती मिळायचा आहे.' हे वाक्य मूलही ऐकत असते.