सेवाग्रामचे वाफे

वर्ध्याची मगनवाडी ही मुळात जमनालाल बजाज यांची बाग. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे दफ्तर या बागेत आले आणि पाठोपाठ खुद्द गांधीजीही तेथे राहावयास आले. पुढच्या वर्षी मगनवाडीच्या पंगतीत बिनसडीचा तांदूळ, गूळ, शिजवलेले सोयाबीन आणि मोहरी, शेपू, मुळा, गाजर यांचा कच्चा पाला वाढला जाई. हा एका व्रतस्थ पुरुषाचा छंद होता, असे समजणे अन्यायाचे होईल; कारण त्या पानांची आणि त्या तांदळाची चर्चा गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकाच्या अंकांतून होत होती, आणि खेड्यातील अत्यंत निर्धन कुटुंबाला हाताशी असलेल्या जिनसांतून पुरेसा आहार मिळेल की नाही, हाच तिच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. त्याच सुमारास, १९३७ साली, दक्षिणेत कुन्नूरच्या प्रयोगशाळेने भारतीय अन्नपदार्थांतील पोषणद्रव्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले. शास्त्रज्ञांचे कोष्टक आणि मगनवाडीचे ताट यांची गाठ घालून देणारा तिसरा कोणी तरी हवा होता, आणि माझ्या मते ते काम शाळेने केले.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि हस्तोद्योगाभोवती सारे शिक्षण गुंफणाऱ्या नयी तालीमचा प्रयोग वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याच्या देखरेखीखाली रुजला. या प्रयोगाची चर्चा बहुधा चरख्यापाशीच संपते. मला मात्र त्याचा खरा गाभा स्वयंपाकघरात दिसतो. भाजीपाल्याच्या वाफ्यांची मशागत करणारी, सफाई करून खत मुरवणारी, रांधणारी आणि त्याचा जमाखर्च ठेवणारी मुले एकाच दिवसात वनस्पतिशास्त्र, गणित आणि आरोग्यशास्त्र या तिन्ही विषयांतून जात, आणि त्यांपैकी एकाही विषयाचे नाव उच्चारण्याची त्यांना गरज पडत नसे. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींनी या शिक्षणाची मर्यादा आणखी विस्तारली: ते सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरते न राहता तान्ह्या मुलाच्या आईपासून वृद्धापर्यंत सर्वांचे व्हावे, असे त्यांनी मांडले. पोषणाच्या बाबतीत याइतकी यथार्थ दृष्टी दुसरी नाही. कारण मूल शाळेत जे शिकते त्याला घरच्या चुलीची संमती नसेल, तर ते शिक्षण पाटीवरच पुसले जाते.

आज त्याच वर्धा जिल्ह्यात फिरताना मनाला एक गोष्ट फार लागते. ज्या सोयाबीनची मगनवाडीत परीक्षा झाली, ते आता विदर्भाच्या काळ्या जमिनीवर क्षितिजापर्यंत पसरले आहे. परंतु ते तेलाच्या गिरणीकडे जाते, त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि शेतकऱ्याच्या घरी भाजी येते ती आठवडी बाजारातून, तीही हाती रोकड असेल त्या आठवड्यात. जमीन पुष्कळ आणि ताट रिकामे, हा प्रकार निसर्गाने घडवलेला नाही. सरकारनेही हे ओळखले असावे: १९७५ साली अंगणवाडी आली, १९९५ साली शाळेतील दुपारच्या जेवणाची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि २०१९ साली शाळांनी पोषणबागा कराव्यात, अशी मार्गदर्शक पत्रके निघाली. ही पत्रके चांगली आहेत. प्रश्न एवढाच, की कागदावरचा वाफा जमिनीवर उतरल्यावर त्याचा वाली कोण?

गेल्या श्रावणात तेथील एका लहान गावाच्या शाळेत मी सकाळचा वेळ काढला. हातपाय धुण्याचे पाणी चरीने आळूच्या आणि केळीच्या आळ्यांत सोडले होते. कुंपणापाशी शेवगा होता, आणि पाणी तुंबू नये म्हणून वाफे वीतभर उंच उचलून घेतले होते. तिसरीतली एक मुलगी तण उपटत होती, पण तांदुळजा हाताला लागला की तो वेगळा काढून ओच्यात ठेवीत होती. तण कोणते आणि भाजी कोणती, हे तिला कोणत्याही तक्त्यावरून कळलेले नव्हते. पुढे ती भाजी निवडून थेट विळीवर धरू लागली, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या बाई म्हणाल्या, “आधी धू, मंग चीर वो.” चिरलेली पालेभाजी धुतली म्हणजे तिच्यातील पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात, हे शास्त्र त्या चार शब्दांत पूर्ण आले होते. भाजीला तेलाची फोडणी मिळाली, कारण पानांतील ज्या द्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व करते ते स्निग्धाशिवाय नीट शोषले जात नाही; आणि पानावर लिंबाची फोड आली, तिच्या आंबटपणाने पानांतील लोह अंगी लागते. मुलगी हे सारे पाहत होती. घरी गेल्यावर आईला ती हेच सांगणार, आणि पुष्कळदा आईच तिला त्याहून अधिक सांगणार. कारण तरोटा कोवळा कधी खुडावा, अंबाडी किती आंबते, हे ज्ञान त्या घरांतून अजून नाहीसे झालेले नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपून इतर बायांच्या परसांत पोहोचवले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची विद्या शाळेतून आलेली नव्हती, शाळेनेच ती त्यांच्यासारख्यांकडून घ्यावयाची आहे.

शाळेच्या बागेचा शत्रू कीड नव्हे, वैशाख आहे. सुट्टी लागते, फाटक बंद होते, आणि जूनमध्ये मुले परततात ती वाळक्या काड्यांपाशी. असे दोनदा घडले की शिक्षकाचा उत्साहही करपतो. मी पाहिलेल्या शाळेने यावर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर गेरूने वारांचे सात रकाने आखले होते, आणि प्रत्येक रकान्यात मुलांच्या आयांची नावे होती. ज्या आईचा वार तिने संध्याकाळी चार बादल्या घालायच्या आणि जेवढा पाला निघेल तो घरी न्यायचा. शनिवारच्या रकान्यात मात्र नावाऐवजी “आजी” एवढेच लिहिले होते. त्या कोणाच्या आजी, हे मी शिक्षकांना विचारले. ते म्हणाले, त्यांचे नातवंड शाळेत नाही, पण पहिल्या उन्हाळ्यात सांगावे लागण्याआधीच घागर घेऊन त्या आल्या होत्या.