व्यापाराच्या इतिहासाचीं साधनें

राजकारणाचीं साधनें आमच्याकडे पुष्कळ छापलीं गेलीं. रियासतकार सरदेसायांनीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३०–३४ मध्यें प्रसिद्ध केले. व्यापाराचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. आतां अभ्यासकांस नवीं द्वारें उघडलीं आहेत: पुण्याचें टाटा समूहाचें दफ्तर १९९१ सालीं, विक्रोळीचें गोदरेजांचें २००६ सालीं स्थापन झालें. परंतु त्याहून जुनी हकीकत सावकारांच्या मोडी वह्यांत आहे. कीर्दींत जमाखर्च तारीखवार, खतावणींत तोच खातेवार. दोन्ही ताडून पाहिल्यास हुंडणावळ, व्याज व मालाचे भाव उलगडतात. अशा वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं त्या संशोधकांस दाखवाव्या, व तरुणांनीं मोडी शिकावी, अशी आमची विनंति आहे.