हरमलचा आषाढ

पेडणे तालुक्यातील हरमलला लोक जातात ते हिवाळ्यात. मी जातो आषाढात. किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळी तोवर उतरवलेल्या असतात, यांत्रिक होड्याही १ जून ते ३१ जुलैच्या बंदीमुळे उभ्याच. दमट हवेने तंबोरा उतरतो. परंतु मल्हार शिकवणाऱ्याने हा पाऊस ऐकावाच.

मी उतरतो त्या घरच्या वहिनी हंगामात आपली खोली प्रवाशांना देऊन मागील पडवीत निजतात. यंदा भाडे पुढे केले, तर निम्मे परत करीत म्हणाल्या, “हंगामात येतं ते गिऱ्हाईक, मास्तर, पावसात येतो तो पाहुणा.”

त्यांचा मुलगा आता पावसातही प्रवासी आणू पाहतो. मिळकत वाढेल, हे खरे. पण खोली बारमाही लागली, तर वहिनींची पडवीही बारमाहीच!