जुन्या मोटारीस विजेचा पंखा



काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गोव्याहून बेळगावला परतत असताना चोर्ला घाटात आमची मोटार अडकली. पुढे एक मालट्रक आडवा झाला होता आणि वाहनांची लांब रांग लागली होती. आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. इंजिन मंद गतीने चालू ठेवून आम्ही वाट पाहत बसलो. पंधरा-वीस मिनिटांत उष्णतेचा काटा लाल रेघेला भिडला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. माझ्या थोरल्या बंधूंनी घाईने उतरून रेडिएटरचे झाकण फिरविले. उकळते पाणी कारंज्यासारखे उसळून त्यांच्या हातावर आले. तो व्रण आजही आहे. जुन्या गाडीस विजेचा पंखा बसविण्याचा विचार माझ्या मनात आला तो त्या दिवशी.

या गाडीचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईतील तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाल्या. तथापि आपल्या गावोगावच्या अंगणांत अशा गाड्या अजून जपलेल्या आढळतात. म्हणून हा विषय.

प्रथम दोष कोठे आहे हे पाहू. या गाडीचा मूळचा पंखा पाण्याच्या पंपावर बसविलेला असून तो पट्ट्याने फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात. इंजिन मंद तर पंखाही मंद. गाडी ताशी पन्नास किलोमीटर वेगाने धावत असली की समोरचा वारा पुरेसा असतो. पंखा खरा हवा असतो तो गाडी उभी असताना, आणि नेमका त्याच वेळी तो थकलेला असतो. म्हणून आपली गाडी उभी असता तापत असेल तरच विजेचा पंखा हा उपाय होय. धावताना तापत असेल तर रेडिएटरच्या नळ्या गाळाने भरल्या आहेत काय, थर्मोस्टॅट अडकला आहे काय, हे आधी तपासावे. तेथे नवा पंखा काही करू शकणार नाही.

आता निवड. रेडिएटर आणि पंपाची पुली यांमधील अंतर मोजावे. इंजिन रबरी बैठकींवर हलत असते. सबब पंख्याची मोटर आणि पुली यांमध्ये निदान एक इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. रेडिएटरच्या मागे बसून वारा ओढून घेणारा पंखा श्रेष्ठ. पुढे बसून वारा ढकलणारा पंखा गाडी धावताना वाऱ्याच्या वाटेतच उभा राहतो. मागे जागा नसेल तरच तो घ्यावा. पंख्यास भोवती प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे कडे असले तर वारा कडेने परत न फिरता सर्व जाळीतून येतो. पुष्कळ मिस्त्री मारुती ८०० चा पंखा वापरतात. तो सहज मिळतो. मात्र तो जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू नये. धक्क्यांनी त्या नळ्यांना घासतात आणि पाणी गळू लागते. लोखंडी पट्टीचे कंस करून रेडिएटरच्या चौकटीस पंखा आवळावा. आणि जुना पंखा काढला तरी पट्टा काढावयाचा नाही. पाण्याचा पंप आणि डायनामो त्याच्यावरच चालतात.

येथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो तो विजेचा. असा पंखा सुमारे ८ ते १० अँपियर वीज ओढतो. जुन्या गाडीतील डायनामो साधारण २२ अँपियर देतो, तेही इंजिन वेगात असताना. रात्री पावसात हिशेब करून पाहा : पुढचे दिवे सुमारे ७, इग्निशन ३ ते ४, वायपर ३ आणि पंखा १०, बेरीज २२ च्या पुढे गेली. शिवाय इंजिन मंद असता डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे पंखा सर्वाधिक लागतो तेव्हा सर्व भार एकट्या बॅटरीवर पडतो. रांगेत तासभर उभे राहिलात तर पाणी थंड राहील, परंतु पुन्हा गाडी सुरू होण्याची शाश्वती नाही. म्हणून डायनामो असलेल्या गाडीस प्रथम अल्टरनेटर बसवावा. तो मंद गतीतही वीज देतो. ज्या गाडीत तो मूळचाच आहे तिच्या मालकास ही चिंता बरीच कमी.

जोडणीत मी स्वतः चूक केली होती, ती सांगतो. पंख्याची वायर मी सरळ डॅशबोर्डवरील एका लहान बटनातून नेली. चौथ्या दिवशी जळका वास आला. बटन वितळले होते. नशिबाने आग लागली नाही. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या दोन-तीन पट वीज घेते. लहान बटनास ती सोसत नाही. म्हणून रिले हवा. रिले म्हणजे थोड्या विजेने उघडझाप होणारे मोठ्या विजेचे दार.

त्याच्या पायांवर आकडे असतात. बॅटरीच्या धन अग्रापासून वीतभर अंतरात २० अँपियरचा फ्यूज बसवून तेथून वायर ३० या पायास आणावी. ८७ पासून वायर पंख्यास जाते आणि पंख्याची दुसरी वायर रंग खरवडून स्वच्छ केलेल्या चेसिसवर घट्ट बसवावी. या वायरी निदान अडीच चौरस मिलिमीटरच्या असाव्यात. ८६ ला चावी फिरविल्यावरच येणारी वीज द्यावी. ८५ पासूनची वायर उष्णतेच्या स्विचला जाते. तो स्विच तापला की तिला चेसिसशी जोडतो आणि पंखा फिरू लागतो. चावी बंद असता पंखाही बंद राहतो, हे महत्त्वाचे. नाहीतर बंद इंजिनात हात घातलेल्या माणसाची बोटे धोक्यात येतात. ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या गाड्यांत धन अग्र चेसिसला जोडलेले असते. तेथे पंख्याच्या वायरी अदलाबदल न केल्यास तो उलट फिरून वारा उलट दिशेने फेकतो.

उष्णतेचा स्विच ९२ अंशांस सुरू व ८७ अंशांस बंद होणारा मिळतो. तो थर्मोस्टॅट उघडण्याच्या अंशापेक्षा वरचा असावा. अन्यथा पंखा कधी थांबणारच नाही. पितळेच्या रेडिएटरला चांगला कारागीर डाग देऊन त्यासाठी तोंड बसवून देतो. रबरी नळीत नळकांडी खुपसण्याचा उपाय टाळावा. तेथून पाणी झिरपते. स्विच बिघडला तर हाती असावे म्हणून ८५ पासून दुसरी वायर डॅशबोर्डवरील बटनातून चेसिसला न्यावी. या बटनातून अत्यल्प वीज जाते, म्हणून ते वितळत नाही.

शेवटी पुन्हा त्या झाकणाकडे येतो. रेडिएटरच्या झाकणाखाली दाब असतो. सात पौंडांच्या झाकणाखाली पाणी शंभर अंशांस न उकळता एकशे दहाच्या आसपास उकळते. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि ते अतितप्त पाणी तत्क्षणी वाफ होऊन उसळते. विजेचा पंखा बसवा अथवा न बसवा, परंतु गाडी तापली तर इंजिन बंद करून अर्धा तास सावलीत थांबा. झाकण हाताला थंड लागल्यावरच जाड फडक्याने ते हळू फिरवा.

आमच्या गाडीस पंखा बसून पाच वर्षे झाली. घाटात रांग लागली की पुढून तो घरघरू लागतो, आणि माझे बंधू नकळत आपल्या हातावरील व्रणावर बोट फिरवितात.